मोठ्या उद्योग परिषदेत खऱ्या ओळखी जुळाव्यात म्हणून आखणी कशी करावी?

आडवाछेद

पुण्यात दोन दिवसांची परिषद आखायची आहे. साधारण १२०० प्रतिनिधी. बहुतेक जण इंजिनिअरिंगचे सुटे भाग करणारे लघु-मध्यम उद्योजक, भोसरी, चाकण, वाळूज, सातपूर, शिरोली, गोकुळ शिरगाव अशा औद्योगिक वसाहतींतले. शिवाय मोठ्या कंपन्यांचे वीसेक खरेदीप्रमुख, काही बँकवाले आणि मशीन टूल विकणारे.

भाषणांचा कार्यक्रम बसला आहे. प्रश्न मधल्या वेळाचा आहे. "कशासाठी येताय?" या रकान्यात जवळजवळ प्रत्येक जण "नेटवर्किंग" लिहितो. चहाच्या वेळी मात्र भोसरीवाले भोसरीवाल्यांशी बोलतात, कोल्हापूरकर कोल्हापूरकरांशी, आणि खरेदीप्रमुखांभोवती घोळका असतो. संध्याकाळी खिशात चाळीस कार्डं जमतात, पण त्यातल्या एकालाही फोन करायला कारण नसतं.

सध्याचा आराखडा असा. ९ ला नोंदणी, ११ ला १५ मिनिटं चहा, १ ला तासभर जेवण, ४ ला पुन्हा १५ मिनिटं चहा, रात्री ८ ला कॉकटेल आणि डिनर. यात काय बदलावं? नेमके आकडे आणि कृती सांगा. "वातावरण मोकळं ठेवा" एवढ्याने काम होत नाही.

मुळाकाठ

आधी त्या १५ मिनिटांचा हिशोब करा. थर्मासच्या एका नळावर एक कप भरून बाजूला व्हायला १० सेकंद धरले तर मिनिटाला ६ कप होतात. १२०० कप दहा मिनिटांत द्यायचे तर २० नळ लागतील. बहुतेक हॉलमध्ये भिंतीलगत दोन काउंटर आणि आठ नळ असतात, म्हणजे शेवटच्या माणसाला चहा मिळायलाच २५ मिनिटं. ब्रेक संपतो तेव्हा पाचशेच्या आसपास लोक रांगेतच असतात, आणि रांगेत माणूस पुढच्याची पाठ बघत उभा राहतो.

चहा ४५ मिनिटांचा करा. चार-चार नळांची पाच ठिकाणं करा आणि ती हॉलच्या मध्यभागी पसरवा. काउंटर भिंतीला लावला की गर्दी एकाच बाजूला साचते. जेवणाचे काउंटर दोन्ही बाजूंनी घेता येतील असे, दर १०० माणसांमागे एक. जैन जेवणाचा काउंटर वेगळ्या कोपऱ्यात टाकू नका, नाहीतर ती माणसं जेवणभर एकमेकांतच राहतात.

तिसरीघंटा

थोडा विरोधी सूर लावतो. ओळखी या आखून होत नाहीत. माणसं एकत्र आली, खाल्लं-प्यायलं की आपोआप बोलतात. जास्त शिस्त लावली की शाळेची सहल होते. वेळ वाढवा, चांगलं खायला द्या, बाकी सोडून द्या.

निळीशाई

तिसरीघंटा, वेळ वाढवण्याशी सहमत, "आपोआप"शी नाही. कोलंबिया विद्यापीठाच्या पॉल इंग्रॅम आणि मायकल मॉरिस यांचा २००७ चा अभ्यास नेमका यावरच आहे. व्यवसायातल्या लोकांची संध्याकाळची मोकळी पार्टी होती, आणि कोण कोणाला भेटतो हे अंगावरच्या इलेक्ट्रॉनिक बिल्ल्यांनी नोंदवलं. येण्याआधी बहुतेकांनी सांगितलं होतं की नवी माणसं भेटावीत हाच हेतू आहे. प्रत्यक्षात ते आधीच्या ओळखीच्यांनाच कितीतरी जास्त भेटले. हेतू होता आणि वेळही होता. नव्या माणसाशी बोलायला कारण मात्र नव्हतं.

आपल्याकडे आखलेल्या ओळखींचा उत्तम नमुना पूर्वीपासून आहे, तो म्हणजे वधू-वर मेळावा. त्यात काय असतं बघा. आधी छापलेली परिचय पुस्तिका, प्रत्येकाला क्रमांक, शिक्षण-नोकरी आणि मुख्य म्हणजे "अपेक्षा" हा रकाना. सगळं गणित त्या रकान्यावर चालतं. आलेली मंडळी पुस्तिकेवर खुणा करूनच येतात आणि मंडळाची कार्यकर्ती दोन घरांना समोरासमोर बसवते. उद्योग परिषदेच्या अर्जात नाव, पद, कंपनी असतं आणि अपेक्षांचा पत्ता नसतो.

कॅलिपर

निळीशाईताई, अपेक्षांचा रकाना एकदम बरोबर. तो कसा भरून घ्यायचा ते लिहितो, कारण नुसता ठेवला की लोक "व्यवसायवाढ" लिहून मोकळे होतात.

अर्जात दोन वाक्यं घ्या, प्रत्येकी ८० अक्षरांची मर्यादा ठेवून. "मी हे देऊ शकतो" आणि "मला हे हवंय". रकान्यातच नमुना दाखवा: "एसजी आयर्न कास्टिंग, ५ ते ४० किलो, महिना ६० टनांची जागा मोकळी" किंवा "इंडक्शन हार्डनिंग करून देणारा हवा, शाफ्ट ६०० मिमीपर्यंत". नमुना दिसला की लोक तसंच लिहितात. सोबत प्रक्रियेची यादी टिक करायला द्या: कास्टिंग, फोर्जिंग, मशिनिंग, शीट मेटल, हीट ट्रीटमेंट, प्लेटिंग, टूल रूम, तपासणी प्रयोगशाळा. "उद्योगक्षेत्र: उत्पादन" हा रकाना काढून टाका, तिथे सगळेच उत्पादनवाले.

परिषदेच्या दहा दिवस आधी पीडीएफ पुस्तिका पाठवा. ती प्रक्रियेनुसार लावा, नावानुसार नको. प्रत्येकाला क्रमांक द्या आणि तोच बॅजवर छापा. एक माणूस अर्ज वाचायला बसवा. मोघम लिहिलंय त्यांना फोन करून नीट लिहून घ्यायचं. १२०० अर्जांत हे काम चार-पाच दिवसांचं आहे, पण सगळ्या परिषदेत याहून फायद्याचं काम नाही.

वेताळटेकडी

पुस्तिकेत फोन नंबर छापणार असाल तर आधी संमती घ्या. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा सांगतो की संमती ठरावीक कारणासाठी आणि स्वतःहून केलेल्या कृतीने दिलेली हवी. म्हणजे आधीच टिक करून ठेवलेली चौकट चालत नाही. दोन चौकटी वेगळ्या ठेवा: "माझा नंबर इतर प्रतिनिधींना द्या" आणि "माझा नंबर प्रायोजकांना द्या". एकाच चौकटीत दोन्ही टाकलं की लोक खोटा नंबर देतात, आणि मग पुस्तिकेचाच उपयोग संपतो.

बोरघाट

बॅजबद्दल कोणीच बोललं नाही अजून. नवी ओळख होताना पहिली नजर बॅजवर जाते आणि तिथे बहुतेक वेळा मोठ्ठा लोगो असतो.

आकार ए६, म्हणजे १०५ बाय १४८ मिमी. दोन मीटरवरून नाव वाचता यायचं तर अक्षराची उंची किमान १० मिमी हवी. रोमनमध्ये हे ४० पॉइंटच्या आसपास येतं. देवनागरीत मात्र त्याच ४० पॉइंटात वर मात्रा, खाली उकार असल्याने मुख्य अक्षर लहान होतं, म्हणून ५२ ते ५६ पॉइंट घ्या. "श्रीकृष्ण" सारखं नाव छापून दोन मीटरवर टेपने चिकटवून बघा, मगच बाकीचे छपाईला सोडा. वर नाव, खाली "हवंय" मधले तीन-चार शब्द, त्याखाली गाव आणि कंपनी. लोगो सगळ्यात खाली.

एका हुकाची दोरी घेतली की बॅज फिरतो आणि अर्ध्या लोकांच्या छातीवर कोरी बाजू दिसते. दोन हुकांची दोरी घ्या किंवा दोन्ही बाजूंनी छापा. दोरीला आखूड करायची क्लिप हवी. बॅज पोटावर लोंबला की वाचण्यासाठी खाली वाकून बघावं लागतं, आणि समोर बाई असेल तर दोघांनाही अवघड होतं. चुंबकाचे बॅज नकोत, पेसमेकरवाल्यांना धोका असतो.

तिसरीघंटा

बोरघाट, पद काढून टाकलंत तुम्ही? मालक कोण, मॅनेजर कोण हे कळायला नको?

बोरघाट

पद मुद्दाम काढलं. "व्यवस्थापकीय संचालक" वाचलं की तरुण इंजिनिअर बोलायचा थांबतो आणि "ज्युनिअर एक्झिक्युटिव्ह" वाचलं की समोरचा त्याच्या खांद्यावरून पलीकडे बघायला लागतो. पद पुस्तिकेत राहू द्या.

लालडबा

पद ठेवावं असं माझंही मत. खरेदीत सही करायचा अधिकार कोणाकडे आहे हे कळलं नाही तर पुरवठादाराचा अर्धा दिवस वाया जातो. मधला मार्ग म्हणून बॅजच्या कडेला रंगाची पट्टी द्या: खरेदीदार, पुरवठादार, सेवा, वित्त. चार रंगांपेक्षा जास्त केले तर कोणाच्या लक्षात राहत नाहीत.

बोरघाट

पट्टी मान्य.

गणिताचा_तास

आता ओळखींच्या फेऱ्यांचं गणित. सगळ्यांना एका हॉलमध्ये सोडून "पाच नव्या लोकांना भेटा" म्हटलं तर कोणी भेटत नाही. ठरलेल्या फेऱ्या लावा, पण त्या अशा की कोणतीही दोन माणसं दोनदा एकत्र येणार नाहीत.

२५ जणांचा गट घ्या आणि ५ टेबलं, प्रत्येकी ५ माणसं. प्रत्येकाच्या कार्डाला दोन आकडे द्या, अ आणि ब, दोन्ही १ ते ५. पहिल्या फेरीत टेबल क्रमांक अ, दुसरीत ब, तिसरीत अ+ब, चौथीत अ+२ब, पाचवीत अ+३ब, सहावीत अ+४ब. बेरीज पाचाच्या वर गेली तर पाच-पाच वजा करत १ ते ५ मध्ये आणा. ५ मूळ संख्या असल्याने सहा फेऱ्यांत प्रत्येक जण उरलेल्या २४ जणांना बरोबर एकदा भेटतो. फेरीला ४ नवी माणसं, ६ फेऱ्या, २४. एकही पुनरावृत्ती नाही.

लोकांना हे गणित करायला लावायचं नाही. कार्डावर सहा फेऱ्यांची सहा टेबलं थेट छापा. १० मिनिटांची फेरी म्हणजे माणशी २ मिनिटं, अधेमधे उठायला १ मिनिट, सुरुवातीला नियम सांगायला ५. एकूण ७० मिनिटं, कार्यक्रमात ७५ धरा.

४० टेबलं लावली की एका वेळी ८ गट, म्हणजे २०० माणसं बसतात. १२०० साठी ६ तुकड्या. रोज तीन तुकड्या भाषणांच्या समांतर ठेवल्या की दोन दिवसांत सगळे होतात.

मुळाकाठ

सुंदर! पण २५ पैकी २० च आले तर? आपल्याकडे हे होणारच.

गणिताचा_तास

म्हणूनच कार्डं दारात वाटायची, आधी नाही. सहाव्या फेरीत टेबल ५ वर येणारी पाच कार्डं बाजूला ठेवा आणि ती सगळ्यात शेवटी द्या. पाच माणसं कमी आली तर पहिल्या पाच फेऱ्यांत प्रत्येक टेबलावर बरोबर एक खुर्ची रिकामी राहते आणि सहाव्या फेरीत एक टेबल पूर्ण रिकामं. कुठेही एकटं माणूस उरत नाही. कार्डं १-१, १-२ अशी क्रमाने वाटलीत तर मात्र पहिल्याच फेरीत पाचवं टेबल ओस पडतं आणि माणसं खुर्च्या ओढत फिरू लागतात. दहाहून जास्त कमी आले तर दोन गट एकत्र करून पुन्हा २५ करा.

एक इशारा. काही जण ३६ चे गट, ६ टेबलं करतात आणि हेच सूत्र लावतात. ६ मूळ संख्या नाही, चौथ्या फेरीपासून जोड्या परत भेटू लागतात. ६ टेबलं असतील तर तीन फेऱ्यांवर थांबा. ७ टेबलं आणि ४९ माणसं पुन्हा व्यवस्थित चालतात.

तिसरीघंटा

एका टेबलावर ८-१० का नाही? कमी फेऱ्यांत जास्त माणसं भेटतील.

निळीशाई

आठ जणांच्या टेबलावर एकच संभाषण चालत नाही. रॉबिन डनबार आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये मोकळ्या गप्पांचे गट मोजले, तेव्हा गप्पा साधारण चौघांपर्यंत एकत्र राहतात, पाचवा आला की फुटायला लागतात असं दिसलं. कार्डाने वेळ वाटून दिल्यामुळे पाच जण निभतात. बँक्वेटचं गोल टेबल सहा फुटी असतं. पलीकडच्या माणसापर्यंतचं अंतर जवळजवळ दोन मीटर, आणि गोंगाटात तिथलं काही ऐकू येत नाही. चार फुटी टेबल मागा. डेकोरेटर मोठंच पाठवतो, म्हणून ऑर्डरमध्ये व्यास लिहा.

कॅलिपर

२५ ची निवड हा खरा मुद्दा आहे. एकाच प्रक्रियेचे पंचवीस जण बसवले तर सगळे स्पर्धक, कोणी तोंड उघडणार नाही. प्रत्येक गटात साखळी बसवा: ५ कास्टिंग-फोर्जिंग, ८ मशिनिंग, ३ हीट ट्रीटमेंट, २ प्लेटिंग-कोटिंग, २ टूल रूम, २ मशीन किंवा टूल विक्रेते, १ बँक किंवा वित्त, १ प्रयोगशाळा, १ खरेदीदार (खरेदीदार वीसच आहेत, ते पुरणार नाहीत त्या गटात आणखी एक मशिनिंगवाला). शिरोलीच्या फाउंड्रीला मशिनिंग करून देणारा हवाच असतो आणि भोसरीच्या मशीन शॉपला कास्टिंग. यांना "बोला" असं सांगावं लागत नाही. एका कंपनीची दोन माणसं एका गटात नकोत, आणि एकाच औद्योगिक वसाहतीचे चारपेक्षा जास्त नकोत.

सांजवात_नाशिक

स्त्रिया कमी असतात तेव्हा त्यांना १२०० मध्ये एकेक करून विखुरू नका, आणि सगळ्यांना "महिला उद्योजक" टेबलावरही बसवू नका. ज्या गटात असतील तिथे निदान दोघी. वर निळीशाईंनी सांगितलेल्या अभ्यासात वंशाबाबत असं दिसलं होतं की आपल्यासारखं एक जरी माणूस गटात असेल तर लोक त्या गटात जातात आणि थांबतात. इथेही तेच लागू पडतं असं माझं मत.

आणि रात्री ८ चं कॉकटेल हा ओळखींचा मुख्य कार्यक्रम ठेवूच नका. ज्यांना चाकणहून घरी परतायचंय, ज्या बायकांना उशिरा थांबता येत नाही, जे पीत नाहीत, ते सगळे त्यातून गळतात. जे थांबतात ते आधीपासून एकमेकांचे मित्र असतात. गाठीभेटी ५ ते ६:३०, मग जेवण, ८ ला बसेस.

लालडबा

सांजवात, शंभर टक्के सहमत. शिवाय डीजे नको. नेहमीचं बोलणं मीटरभर अंतरावर ६० डेसिबलच्या आसपास असतं. संगीत त्याच्या वर गेलं की प्रत्येक जण आवाज चढवतो, त्यामुळे शेजारचा आणखी चढवतो. याला लोंबार्ड परिणाम म्हणतात, १९११ पासून माहीत आहे. पत्र्याच्या छताच्या उंच हॉलमध्ये आवाज घुमतो. गालिचा आणि बाजूंना जाड पडदे लावा, स्पीकर फक्त मंचापाशी. मोबाइलवरच्या मीटरने हॉलमध्ये चार ठिकाणी बघा. ७५ च्या वर सतत दिसलं तर संगीत बंद.

दूरदेशी

श्टुटगार्टहून लिहितोय. इथे समोरासमोरच्या भेटी आधीच ठरतात, घोळका होत नाही. खरेदीप्रमुखांसाठी तेच करा. गणित असं: २० खरेदीदार, तासाला ३ भेटी (१५ मिनिटं भेट, ५ मिनिटं मोकळी), दिवसाला ४ तास, म्हणजे २४० भेटी. दोन दिवसांत ४८०. पुरवठादार ९०० असतील तर प्रत्येकाला एक भेटही मिळत नाही. हे आधीच सांगून टाका. ॲपवर "सगळ्यांना विनंती पाठवा" ठेवलंत तर एकेका खरेदीदाराला दोनशे विनंत्या येतात आणि तो ॲप उघडायचंच बंद करतो. माणशी तीन विनंत्या, आणि सोबत दोन ओळी: कोणता भाग, किती संख्या, काय क्षमता. होय-नाही खरेदीदार ठरवेल. ५ मिनिटांचं अंतर खाऊ नका, ते गेलं की दुपारपर्यंत सगळं वेळापत्रक अर्धा तास मागे पडतं.

सह्यवारा

ॲप की कागद? ब्रेला, स्वॅपकार्ड, ग्रिप अशी कितीतरी ॲप्स आहेत.

वेताळटेकडी

भेटी ठरवायला ॲप, हॉलमध्ये कागद. कारण हॉलमध्ये हजार-बाराशे फोन एकाच टॉवरला लटकतात, आणि ॲप डाउनलोड करायला सांगायची वेळ तीच असते. वाय-फाय द्यायचंच असेल तर माणशी दीड-दोन उपकरणं धरा, एका ॲक्सेस पॉइंटला ५०-६० सक्रिय उपकरणं, आणि सगळं ५ गिगाहर्ट्झवर. लॉगिनचा ओटीपी एसएमएसने येत असेल तर परदेशी सिमवाल्यांसाठी काउंटरवर वेगळं कूपन ठेवा.

बॅजवर क्यूआर छापणार असाल तर त्यात पूर्ण संपर्क कोंबू नका. ठिपके बारीक होतात आणि पिवळ्या दिव्यात, चमकदार लॅमिनेशनवर वाचले जात नाहीत. छोटी लिंक टाका, २५ मिमी चौरस, भोवती चार ठिपक्यांएवढी पांढरी कड, मॅट लॅमिनेशन. एनएफसी बॅजचा (फोन जवळ नेताच वाचली जाणारी चिप असलेला) विचार असेल तर एनटॅग २१३ चिपमध्ये १४४ बाइट जागा असते, तिथेही लिंकच टाका. आयफोन लिंक वेगळ्या ॲपशिवाय उघडतो, नुसतं संपर्ककार्ड उघडत नाही. बॅजवर धातूची चकाकी असलेला कागद वापरला तर चिप वाचलीच जात नाही.

पाटाखालची_शेती

आणि कृपा करून १२०० जणांचा व्हॉट्सॲप ग्रुप करू नका. तसाही होणार नाही, मर्यादा १०२४ ची आहे. पहिल्या सकाळी दोनशे शुभ सकाळ येतात आणि कामाचा निरोप त्यात बुडतो. २५ च्या गटाचा एक ग्रुप करा, इच्छा असेल त्यानेच यावं.

अंगणवेल

यजमान हा शब्द अजून कोणी काढला नाही याचं आश्चर्य वाटलं. पंगतीत घरधनी फिरत असतो, एकट्या बसलेल्या पाहुण्यापाशी थांबतो, "हे आमचे साताऱ्याचे, तुमच्याच खात्यातले" म्हणून शेजाऱ्याशी जोडून देतो. मोठ्या परिषदेत हे काम कोणाचंच नसतं. इंजिनिअरिंग कॉलेजची मुलं स्वयंसेवक असतात. ती दिशा दाखवतात, पण कोणाला कोणाशी भेटवायचं हे त्यांना कळणं शक्य नाही.

दर ३० माणसांमागे एक यजमान, म्हणजे १२०० ला ४०. गेल्या दोन-तीन वर्षांत येऊन गेलेले उद्योजक निवडा, शक्यतो वेगवेगळ्या वसाहतींतले. त्यांना ठळक रंगाचं उपरणं द्या, म्हणजे लांबून दिसतात. आदल्या संध्याकाळी तासभर बसवून पुस्तिकेतले त्यांच्या वाट्याचे ३० क्रमांक वाचायला लावा. काम नेमकं सांगा: प्रत्येक ब्रेकमध्ये पाच ओळखी. ओळख एका वाक्यात, नाव, काम, आणि या दोघांना एकमेकांत रस का वाटावा ते. "भेटा, हे पण पुण्याचेच" ही ओळख झाली नाही.

उभ्याने बोलणाऱ्या गटांना एक सोपा नियम शिकवा, एरिक होल्शरने मांडलेला पॅकमनचा नियम. गोल करून उभं राहिलात तरी एका माणसाची जागा उघडी ठेवायची. कोणी आलं की सरकून पुन्हा जागा करायची. मंचावरून एकदा सांगितलं आणि यजमानांनी पाळलं की बाकीचे पाळतात.

तिसरीघंटा

अंगणवेल, हे मात्र पटलं. यजमान असेल तर शिस्त टोचत नाही. माझा आधीचा आक्षेप मागे घेतो.

मुळाकाठ

खाण्याबद्दल राहिलं. एका हातात बशी, दुसऱ्यात ग्लास असला की नमस्कारही करता येत नाही. चहाच्या वेळी एका हातात मावणारं खाणं: अळूवडी, मिनी वडापाव, कोथिंबीर वडी काडीला टोचून. पावभाजी आणि मिसळ जेवणाला, बसून. उंच टेबलं ६० सेंटिमीटर व्यासाची, एका वेळी तिसरा हिस्सा माणसं टेबलाशी असतील असं धरून, चौघांना एक, म्हणजे शंभरेक. उभ्या माणसाला एक चौरस मीटर तरी जागा हवी, तेव्हा १२०० चौरस मीटर मोकळी फरशी आहे का ते हॉलवाल्याला विचारा. खुर्च्या सगळ्या काढू नका. गुडघेदुखीवाली ज्येष्ठ मंडळी भिंतीकडे सरकतात आणि तिथेच राहतात. टेबलांच्या मधेमधे चाळीस-पन्नास खुर्च्या ठेवा.

सह्यवारा

जेवणाच्या टेबलांवर विषयाची पाटी लावावी का?

कॅलिपर

लावावी. बारा-पंधरा टेबलांवरच, सगळ्या नाही. ज्यांना नुसतं जेवायचंय त्यांना जेवू द्या. विषय नेमके हवेत: "४५ दिवसांत पेमेंट आणि ट्रेड्स" (बिलांवर मुदतीआधी पैसे मिळवून देणारी ऑनलाइन व्यवस्था), "छतावरचं सोलर आणि वीजबिल", "सीएनसी ऑपरेटर टिकत नाही", "पीपॅपची कागदपत्रं" (नवा भाग खरेदीदाराकडून मंजूर करून घेण्याची), "झेड प्रमाणपत्र" (दोषरहित, पर्यावरणाला अपाय न करणाऱ्या उत्पादनासाठीचं सरकारी प्रमाणपत्र). "उद्योगाचं भवितव्य" या पाटीखाली कोणी बसत नाही. स्पर्धकही पेमेंटच्या विषयावर मनापासून बोलतात, कारण थकलेलं बिल सगळ्यांचंच असतं.

सांजवात_नाशिक

पाटीवर भाषाही लिहा. सूत्रसंचालक इंग्रजीतून सुरू झाला की वाळूजचे, इचलकरंजीचे कितीतरी मालक गप्प होतात, आणि अनुभव त्यांच्याकडेच जास्त असतो. "मराठी" लिहिलेलं टेबल दिसलं की ते बोलतात.

दूरदेशी

दुसऱ्या दिवशी दुपारी दोन तास मोकळी चर्चा ठेवून बघा. १९८५ मध्ये हॅरिसन ओवेनने सुरू केलेली ओपन स्पेस पद्धत: विषय लोकच भिंतीवर लावतात, आणि जिथे आपल्याकडून भर पडत नाही आणि शिकायलाही मिळत नाही तिथून उठून दुसरीकडे जायची उघड मुभा. आपल्याकडे उठून जाणं अपमानाचं वाटतं, म्हणून तो नियम भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहा. एका विषयाला ४५ मिनिटं, एका वेळी दहा कोपरे. २०० जणांपर्यंत नीट चालतं, १२०० ला नाही.

आडवाछेद

सगळ्यांचे आभार. प्रतिसाद वाचून आराखडा पुन्हा लिहिला, बघा बरं.

भाषणं चौदावरून आठवर आणली. पहिला दिवस: ८:३० ते १० नोंदणी आणि नाश्ता, यजमान दारापासूनच. १० ला उद्घाटन, ४० मिनिटं. १०:४५ ते १२ पहिली तुकडी, बाकीच्यांना भाषण. १२ ते १२:४५ चहा. १२:४५ ते २ दुसरी तुकडी. २ ते ३:१५ जेवण, पंधरा विषय-टेबलं. ३:१५ ते ४:३० तिसरी तुकडी. ५ ते ६:३० मोकळ्या गाठीभेटी, संगीत नाही. ६:३० जेवण, ८ ला बसेस. खरेदीदारांच्या भेटी वेगळ्या खोलीत ११ ते १ आणि ३ ते ५. दुसऱ्या दिवशीही तसंच, फक्त शेवटी १५० जणांची ओपन स्पेस.

अंगणवेल

पहिल्या दिवशी २ ला जेवण उशिरा होतंय. मधुमेहवाल्यांचे हाल होतील. दुसरी तुकडी जेवणानंतर घ्या.

गणिताचा_तास

तसं केलंत तर दुसरी आणि तिसरी तुकडी मधल्या सुट्टीशिवाय लागोपाठ येतात. त्यापेक्षा उद्घाटन २० मिनिटांचं करा. पहिली तुकडी १०:३० ला बसली की बाकी सगळं पाव तास अलीकडे सरकतं, आणि चहा अर्ध्या तासाचा केला की जेवण १:३० ला.

मुळाकाठ

चहा कमी करू नका, वीस नळांवरही दहा मिनिटं वाटपातच जातात! उद्घाटनच कमी करा. दीपप्रज्वलन पाच मिनिटांचं आणि सत्कार एकही नाही. एवढ्याने जेवण पावणेदोनला येतं. मधुमेहवाल्यांसाठी पावणेबाराच्या चहाला उकडलेले शेंगदाणे आणि ढोकळा ठेवा.

पाटाखालची_शेती

दुसऱ्या दिवशी कोल्हापूरकर ४ नंतर थांबणार नाहीत, त्यांना रात्री घर गाठायचं असतं. त्यांना शेवटच्या तुकडीत टाकू नका, पहिल्या दोन तुकड्यांतच घ्या.

आणि नंतरचं काय? ओळखी झाल्या की नाही हे कधी विचारणार?

निळीशाई

त्याच दिवशीचा अभिप्राय अर्ज जेवणाची चव सांगतो, बाकी काही नाही. ३० आणि ९० दिवसांनी तीनच प्रश्न विचारा. परिषदेत पहिल्यांदा भेटलेल्यांपैकी किती जणांशी नंतर बोलणं झालं? त्यातून एखादं कोटेशन, नमुना किंवा कारखान्याला भेट झाली का? कोणाशी भेट व्हायला हवी होती पण झाली नाही? तिसऱ्याची उत्तरं पुढच्या वर्षीचे गट बसवायला वापरा. भेटीच्या वेळी आठवण राहावी म्हणून फेऱ्यांच्या कार्डाच्या मागे २४ रेघा छापा, क्रमांक आणि चार शब्दांपुरत्या. पेन प्रत्येक टेबलावर पाच, दोरीने बांधलेली.

बोरघाट

फेरी संपल्याची खूण माइकवरून देऊ नका. बोलणं चालू असताना कर्ण्यातून आलेली सूचना कोणी ऐकत नाही, आणि सूत्रसंचालक तीच तीनदा म्हणतो. पितळी घंटा घ्या, देवळातली असते तशी, हातात धरायची. ४० टेबलांच्या दोन टोकांना दोन माणसं. एक मिनिट बाकी असताना एक ठोका, संपल्यावर दोन.

आडवाछेद

घंटा तुळशीबागेत मिळतील, उद्याच आणतो. उद्घाटन वीस मिनिटांचं आणि सत्कार नाहीत, हे समितीला पटवायला अंगणवेल आणि मुळाकाठ, तुम्ही दोघं शनिवारी बैठकीला येऊ शकाल का?

अंगणवेल

येते. पुस्तिकेच्या अर्जाचा मसुदा घेऊन ठेवा, तोही त्याच बैठकीत वाचू.